बारा मालकिणी

माझी मावसबहीण मार्केला हिने लग्न केलं नाही. मागण्या आल्या होत्या, पण आई अंथरुणाला खिळली, मग वडील, आणि मधल्या काळात मस्तकीची झाडं होतीच. आमच्या हिओस बेटाच्या दक्षिणेला ज्याच्याकडे मस्तकीची झाडं असतात त्याला उन्हाळाभर दुसरं काही सुचत नाही. खोडाखालची जमीन झाडून काढायची, तिच्यावर पांढरी माती पसरायची, सालीवर हलक्या हाताने चिरा द्यायच्या, आणि पाझरलेल्या राळेचे थेंब सुकून खडे झाले की वाकून वाकून वेचायचे. मार्केलाची कंबर त्यातच गेली. तिचा थोरला भाऊ इसिदोरोस मात्र विशीतच अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात गेला, जहाजांना दोर, रंग, डबाबंद सामान पुरवण्याच्या धंद्यात शिरला आणि बऱ्यापैकी मोठा झाला. गावात यायचा तो ऑगस्टमध्ये, पांढरी पँट घालून. झाडांखाली कधी वाकला नाही.

घर होतं आईकडचं. आई वारली तेव्हा ते दोघा भावंडांच्या नावावर अर्धं अर्धं झालं. झाडं वडिलांची, पांदेलिस काकांची.

काकांना अर्धांगाचा झटका आला त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये इसिदोरोस शहरातल्या नोटरीला गाडीत घालून घरी घेऊन आला. मी अंजीर द्यायला गेले होते म्हणून तिथे होते. मार्केला झाडांकडे गेली होती.

"बाबा, नीट ऐका," इसिदोरोस काकांच्या खुर्चीशी उकिडवा बसून म्हणाला. "तुम्ही आहात तोवर झाडांचा एक थेंबही माझा नाही. उपभोगाचा सगळा हक्क तुमचाच. पीक तुमचं, जमीन तुमची, कुणी हात लावायचा नाही. माझ्या नावावर फक्त नुसती मालकी. म्हणजे रिकामं भांडं हो! पुढे कराचा त्रास वाचतो, बाकी काही नाही."

काकांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, बोलणं जड होतं. "आणि मार्केला?"

"मार्केला काय परकी आहे? मी मेलोय का तिला बघायला?"

काकांनी डाव्या हाताने सही केली. संध्याकाळी मार्केला घरी आली तेव्हा ते तिला मोठ्या खुशीत म्हणाले, "मी काही दिलेलं नाही हं. सगळं माझंच आहे." आणि तीही हसली. तिला वाटलं, म्हातारा खूश आहे, झालं.

काका गेले त्याच क्षणी उपभोगाचा हक्क संपला. तो कुणाकडे जात नाही, माणसाबरोबर मरतो. नुसती मालकी होती ती आपोआप पुरी मालकी झाली. कुणी सही करायला नको, कुणाला विचारायला नको. एका सकाळी मार्केलाने वडिलांचे डोळे मिटले आणि ज्या झाडांवर ती तीस वर्षं राबली ती सगळी इसिदोरोसची झाली. तिला तेव्हा हे ठाऊकही नव्हतं.

तिला कळलं दफनानंतर, आणि सांगितलं खुद्द इसिदोरोसनेच, तेही किती मायेने! तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसलीस, मार्केला? झाडं तूच कर. पीक तुझंच. घरात तूच राहा. तुला कोण हात लावणार आहे?"

त्यानंतर तो जसा वागला तसा जन्मात वागला नव्हता. दर रविवारी चर्च सुटलं की त्याचा फोन. कंबरेसाठी पट्टा पाठवला, लोकरीच्या सपाता पाठवल्या, नवा टीव्ही पाठवला. मार्केला आम्हाला दारात बसून खडे साफ करताना सांगायची, "वडील गेले नि माझा भाऊ मला परत मिळाला." गल्लीतल्या सगळ्या जणी माना डोलवायच्या. मी पण डोलवली. काकांच्या खुर्चीशी काय बोलणं झालं ते मी ऐकलं होतं. तरीही मला सुद्धा वाटलं की माणूस म्हातारपणाकडे झुकला की सुधारतो.

दोन वर्षं हे असं चाललं. मग एका रविवारी फोन आला नाही. मार्केलाला वाटलं बरं नसेल, म्हणून तिनेच केला. इसिदोरोसची बायको लेमोनिया म्हणाली, "जेवून झोपलेत." पुढच्या रविवारीही ते जेवून झोपले होते.

महिन्याभरात तो स्वतःच आला. या खेपेला हात खांद्यावर टाकला नाही. टेबलाशी बसला, कॉफी ढवळत म्हणाला, "यंदा झाडं तू करू नकोस. मी दुसऱ्याला लावून दिली आहेत. पलीकडच्या गावचा माणूस आहे. आणि घराचं म्हणशील तर अथेन्सचं एक जोडपं बघायला येतंय. त्यांना इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. आपण दोघांनी सह्या केल्या की संपलं."

"आणि मी?"

"पिरेअसला ये. मागची खोली रिकामीच आहे. लेमोनियाला गुडघेदुखी आहे, तुझी तेवढीच मदत होईल."

"म्हणजे मोलकरीण."

"सही केली नाहीस तर मी कोर्टात जाईन. कोर्ट लिलाव करेल, मातीमोलाने जाईल घर. मग हातात काय येईल ते बघ."

तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. रडली नाही. फक्त म्हणाली, "अंगेरू, उद्या माझ्याबरोबर शहरात चल. मला वकील गाठायचाय."

वकीलबाईंचं नाव पोलिक्सेनी. सिगरेट ओढायची, फोन उचलायची नाही, पण ऐकून घ्यायची नीट. मार्केलाने सगळं सांगितलं. पोलिक्सेनीने एकच प्रश्न विचारला, "वडील कधी गेले?" मार्केलाने सांगितलं. पोलिक्सेनीने सिगरेट विझवली.

"बाई, मुलांचा हक्काचा वाटा म्हणून एक गोष्ट असते. बापाने एकाच मुलाला सगळं देऊन टाकलं तरी दुसऱ्याला आपला वाटा कोर्टातून मागता येतो. तुम्हालाही मिळाला असता. पण मुदत असते त्याला."

"किती?"

"बाप गेल्यापासून दोन वर्षं."

मी मार्केलाकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही, पण हातातली पिशवी तिने अशी पिळली की आतला पाव चुरडल्याचा आवाज आला.

"म्हणजे तो फोन करायचा," ती हळू म्हणाली. "दर रविवारी."

"हुशार वकील असणार त्याचा," पोलिक्सेनी म्हणाली.

मार्केलाने चुरडलेला पाव पिशवीत सारखा केला. मग म्हणाली, "बरं. झाडं गेली. घराचं सांगा. अर्धं माझं आहे ना? कुठलं अर्धं? वरचं की खालचं?"

"कुठलंच नाही. ते अविभक्त आहे. तुमचा असा एक कोपरा सुद्धा नाही आणि त्याचा असाही नाही. पण प्रत्येक दगडात अर्धा दगड तुमचा. उंबरठ्यात अर्धा उंबरठा. दोघांनाही पूर्ण घर वापरायचा हक्क. दोघांच्या सहीशिवाय अख्खं घर विकता येत नाही."

"आणि माझा अर्धा मी दुसऱ्या कुणाला दिला तर?"

"द्या की. तुमचा आहे. त्याला विचारायची गरज नाही."

"दोघांना दिला तर?"

"दोघांना द्या, शंभरांना द्या! फक्त देव करो नि तशी वेळ कुणावर न येवो." पोलिक्सेनीने दुसरी सिगरेट पेटवली आणि हसली. "माझ्याकडे एक प्रकरण आहे, माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. एक पडकं घर, दोन खोल्या. मालक किती आहेत ते आता कुणालाच ठाऊक नाही. एक मेलबर्नला, एक बोटीवर, एक वेड्यांच्या इस्पितळात. प्रत्येकाला नोटीस द्यायची. नोटीस पोचेपर्यंत एखादा मरतो. मग त्याचे वारस शोधा. पुन्हा पहिल्यापासून."

मार्केलाच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आयुष्यात त्याआधी बघितलं नव्हतं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. तिने विचारलं, "म्हाताऱ्या बायकांना देता येतं का?"

"कितीही म्हाताऱ्या."

परतताना बसमध्ये ती बोटांवर नावं मोजत होती. "प्लूमू मावशी. तिची सहा पोरं ऑस्ट्रेलियात. स्तामातिया, तिचे चार अमेरिकेत आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. कल्लिओपीची मुलगी दक्षिण आफ्रिकेत. आणि तू."

"मी कशाला?" मी म्हणाले. "मी काही मरायला टेकलेली नाही."

"तुझी पाच नातवंडं आहेत ना."

असे तिने आपल्या हिश्शाचे बारा भाग केले. अकरा गल्लीतल्या बायकांना, बारावा स्वतःला. प्लूमू मावशी सगळ्यांत थोरली, नव्वदीच्या पलीकडची, अर्धी बहिरी. तिला दारात बसवून सगळं ओरडून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्या पांढऱ्या पँटवाल्याच्या घरात मी पाय पसरून बसू शकते?"

"हक्काने, मावशी."

"मग मी आजच मरत नाही."

आम्ही गावच्या पावाच्या गाडीतून शहरात गेलो. काळ्या कपड्यांतल्या बारा बायका, पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर. नोटरी तोच होता, ज्याने काकांची सही घेतली होती. आम्हाला जिना चढताना बघून त्याला वाटलं कुणीतरी गेलं. कारण कळल्यावर तो मार्केलाला म्हणाला, "बाई, हे तुम्ही काय करताय कळतंय का? हे उद्या सोडवणार कोण? तुमच्याच हातात काय राहणार?"

"माझ्या वडिलांनी सही केली तेव्हा हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारला होता का?" मार्केला म्हणाली.

त्याने कागद पुढे ओढले. नियमाप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवत राहिला आणि घाम पुसत राहिला. स्तामातियाला डुलकी लागली. प्लूमू मावशीने सही म्हणून अख्खं नाव लिहिलं, एकेक अक्षर कोरत, आणि तोवर सगळे थांबून राहिले.

इसिदोरोसला यातलं काही कळलं नाही. गावात कुणी त्याला सांगितलं नाही. मार्केलाने फोनवर इतकंच सांगितलं, "घेऊन ये तुझ्या माणसांना. बघू दे घर."

तो आला, लेमोनिया आली, अथेन्सचं जोडपं आलं. दार उघडून आत बघतात तर खालच्या खोलीत आम्ही अकरा जणी. टेबलावर मस्तकीच्या परड्या, प्रत्येकीच्या हातात टोकदार सुरी, खड्यांना चिकटलेली माती खरवडतोय. चुलीवर कॉफी. काकांच्या खुर्चीत प्लूमू मावशी, पाय स्टुलावर पसरलेले. बारावी, कल्लिओपी, वरच्या खोलीच्या खिडकीत आपली चादर वाळत घालत होती.

"हे काय?" इसिदोरोस म्हणाला. "मार्केला, आज तरी बायकांना घरी पाठवायचं होतंस."

"कुठल्या घरी?" स्तामातिया म्हणाली. "आम्ही घरातच आहोत."

अथेन्सच्या बाईने हसून विचारलं, "या कोण?"

"मालकिणी," मार्केला म्हणाली. ती उभी राहिली, सुरी टेबलावर ठेवली आणि एकेकीकडे बोट दाखवत नावं सांगत गेली. सगळ्यात शेवटी भावाकडे वळली. "आणि हा माझा भाऊ. याचं अर्धं घर आहे. उरलेलं अर्धं आमचं. तुम्हाला विकत घ्यायचं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतील. मी माझी करणार नाही. बाकीच्यांना विचारून बघा."

"मला ऐकू येत नाही," प्लूमू मावशी म्हणाली.

अथेन्सच्या माणसाने इसिदोरोसला बाजूला घेतलं. काय बोलले ते कळलं नाही, पण तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. जोडपं निघून गेलं. लेमोनिया त्यांच्यामागे धावत गेली, अहो थांबा, अहो ऐका, करत. इसिदोरोस तसाच उभा.

"तू वेडी झालीस," तो म्हणाला. "स्वतःचं घर गावावर उधळलंस? मला द्यायचं नाही म्हणून?"

"हो," मार्केला म्हणाली. "एवढ्याचसाठी."

"मी यांना एकेकीला बाहेर काढीन. कोर्टात खेचीन."

"खेच. जिना हळू चढव, मावशीचे गुडघे दुखतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला कबूल केलं पाहिजे, फार दिवसांनी मी तशी हसले होते. इसिदोरोस दाराबाहेर पडला तेव्हा गल्लीतली पोरंसोरं, कॉफीच्या दुकानातले म्हातारे, सगळे रांगेने उभे होते. एकानेही त्याला नमस्कार केला नाही.

त्याने वाटणीचा दावा लावला. सगळ्यांना नोटिसा आल्या. तारीख पडायच्या आत कल्लिओपी वारली. तिच्या वारसांचा पत्ता शोधण्यात वर्ष गेलं. मग प्लूमू मावशी गेली. सहा पोरं, त्यातली दोन आधीच मेलेली, त्यांची मुलं कुठे क्वीन्सलँडला, कुठे आणखी कुठे. पोलिक्सेनी मला म्हणाली, "यातले निम्मे ग्रीक वाचू शकत नाहीत. भाषांतरं, शिक्के, वकालतनामे. कोर्टाचा कारकून आता तुमच्या फाइलीला हातच लावत नाही." प्रत्येक अंत्ययात्रेत मार्केला पुढे असायची. रडायची खरीखुरी, त्या बायका तिला सख्ख्या मावश्यांसारख्या होत्या. पण मूठभर माती टाकून झाली की गेलेलीच्या घरच्यांना विचारायची, "किती वारस म्हणालात?"

झाडांचं मात्र वाईट झालं. ज्याला ती लावून दिली होती त्याने लवकर पीक काढायच्या नादात चिरा खोल दिल्या, खोडाच्या गाभ्यापर्यंत. दोन उन्हाळे भरभरून आलं, मग फांद्या सुकायला लागल्या. मार्केला माझ्या झाडांवर काम करायची, आणि माझी झाडं तिच्या झाडांच्या वरच्या बांधावर. तिथून सगळं दिसायचं. मी म्हणायचे, तिकडे बघू नकोस. ती बघायचीच. एकदा खाली उतरून गेली आणि एका खोडाला चिकटलेला सुका राळेचा ओघळ नखाने काढत बसली. मी हाक मारली तर तो ओघळ मुठीत घेऊन परत आली.

पाचव्या वर्षी इसिदोरोस परत आला. पांढरी पँट नव्हती. धंदा भागीदाराने बळकावला होता असं ऐकलं, आणि दावा त्याच्या गळ्याशी आला होता. आम्ही झाडाखाली माती पसरत होतो. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "मार्केला, झाडं घे."

ती सरळ झाली.

"खरंच सांगतो. परत घे. तो माणूस मी काढून टाकला. तू त्या बायकांकडून, त्यांच्या पोरांकडून हिस्से गोळा कर, मला घर विकू दे. आणि झाडं तू घे. तू मरेपर्यंत. उपभोगाचा हक्क तुझ्या नावावर करतो."

"आणि मालकी?"

"मालकी पोरांच्या नावावर राहील. ती नुसती नावाला. पीक तुझंच की."

मार्केलाने हातातली कुदळ अशी उचलली की मला वाटलं ती फेकून मारेल. "इसिदोरोस," ती म्हणाली, "तू जर आज अर्धी झाडं माझ्या नावाने पुरी करून दिली असतीस ना, मी कदाचित वितळले असते. मला स्वतःचीच भीती वाटत होती. पण तू माझ्यापाशी आलास तोही त्याच शब्दांनी."

"तुझ्यानंतर आहे कोण तुला? कुणासाठी हवी मालकी?"

"मला हवी," ती म्हणाली. "मला, माझ्यासाठी."

आणि ती परत वाकली, माती पसरायला. तो बांधावरून हलेना. उन्हात त्याचं डोकं तापलं असेल. शेवटी मीच त्याला म्हणाले, "जा आता."

तीन हिवाळ्यांनी तो पिरेअसमध्ये हृदयविकाराने गेला. मार्केला गेली नाही. लेमोनियाने फोन करून बोटीची वेळ सांगितली तेव्हा ती म्हणाली, "माझी जेवून झोपायची वेळ आहे," आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी मला तिची भीती वाटली. तिचं बरोबर नव्हतं असं मी म्हणत नाही. पण भीती वाटली.

आता त्याचा अर्धा हिस्सा बायको आणि दोन मुलांमध्ये वाटला गेलाय. मुलांनी नवा वकील दिला. तो गेल्या वर्षी येऊन घर बघून गेला, सगळे मालक कोण कोण याचा हिशोब मांडायला बसला, आमच्याकडची कॉफी प्यायला आणि अर्ध्यातच उठला. मार्केला त्याच घरात राहते. छताची डागडुजी स्वतः करते. बारा जणींपैकी आम्ही चौघी उरलोय, आणि अजूनही हिवाळ्यात तिथेच बसून खडे साफ करतो.

परवा मी तिला म्हणाले की माझंही वय झालं, मृत्युपत्र करायला शहरात जाते आहे. माझा हिस्सा तुलाच परत लिहून देते, म्हणजे तुझा जरा मोठा होईल.

तिने परडी मांडीवरून खाली ठेवली. "वेड लागलंय का तुला? पाचही नातवंडांना दे. समान. आणि तुझ्या धाकट्या लेकीला जुळी होणार आहेत ना? त्यांचीही नावं घाल."

"मार्केला, इसिदोरोस मेला आता."

"त्याची पोरं आहेत."

"पोरांनी तुझं काय केलंय?"

ती खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "झाडं त्यांच्या नावावर आहेत. ती वाळली तरी त्यांनी एकदा येऊन बघितली नाहीत."

मी शहरात गेले. नोटरीने विचारलं, कुणाच्या नावे लिहायचं. मी पाचही नावं सांगितली. जुळ्यांची अजून ठेवलेली नाहीत, म्हणून तेवढी राहिली.